खंडेनवमीचं पिस्तूल

श्रीपाद नेवरेकर हा माणूस मुळात घाबरट. हे त्याला तोंडावर सांगितलं तरी तो रागवायचा नाही. "घाबरट नाही, सावध," एवढी दुरुस्ती करायचा आणि चहाचा कप पुढे सरकवायचा. वडील रेल्वेत कारकून, घर पहाडगंजात, शिक्षण तिथल्याच मराठी शाळेत. गल्लीत मारामारी सुरू झाली की दप्तर छातीशी धरून हा हलवायाच्या फळीखाली जाऊन बसायचा आणि सगळं शांत झालं की हळूच विचारायचा, कोण जिंकलं. अशा माणसाच्या कमरेला पंचेचाळिशीत पिस्तूल लागलं, हे त्याच्या शाळासोबत्यांना आजही थट्टाच वाटते.

नोकरी गुडगावात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या तपासणी खात्यात. नव्वदीनंतर परदेशी गाड्या आल्या, कंपनीला कामं मिळाली, आणि 'चलता है' म्हणून सुटणारा माल परत यायला लागला. श्रीपादचं नशीब तिथे उघडलं. तयार भागावरून बोट फिरवायचं, कणभर कचरा किंवा केसाएवढा ओरखडा लागला की लाल पेटीत टाकायचा, हा त्याचा धंदा. कारखान्यात त्याला मागून 'लाल पेटी' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पगार वाढला तसं त्याने गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये घर बांधलं. सेक्टर म्हणजे काय, तर रस्ते आखलेले, दिवे नाहीत, चार घरं उभी आणि मध्ये विलायती बाभळीचं रान. नीलगायी फाटकापर्यंत यायच्या. वीज आली तर पाहुणी, अंधार मात्र घरचा. पण घर स्वतःचं होतं, मागे अंगण होतं, आणि कल्पनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या अंगणात कढीपत्ता लावला होता. साताऱ्याची ती मुलगी. दिल्लीत येऊन वीस वर्षं झाली तरी कढीपत्ता विकत आणायची तिला लाज वाटायची.

त्याच अंगणाची मागची भिंत उतरून एका दुपारी तीन माणसं आली. तोंडाला फडकी बांधलेली, हातात काठ्या. कल्पनाला आणि दहा वर्षांच्या अश्लेषाला त्यांनी बाथरूममध्ये कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि घर धुऊन नेलं. संध्याकाळी श्रीपाद आला तेव्हा दोघी आतच होत्या. मुलीचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. गेलेल्या सोन्याचं दुःख कल्पनाने आठवड्यात आवरलं. पण अश्लेषा त्यानंतर बाथरूमचं दार लावेना. दार उघडं, बाहेर आई पाठ करून उभी, तेव्हा कुठे ती आंघोळ करायची. असं एक वर्ष गेलं. श्रीपाद रोज सकाळी हे बघायचा आणि बूट घालायचा. आपण अजून फळीखाली बसलेला तोच पोरगा आहोत, असं त्याला वाटायचं. ते खरंच होतं.

म्हणून त्याने परवान्यासाठी अर्ज केला. कचेरीच्या खेपा किती झाल्या ते सोडून देऊ, ते सगळ्यांनाच माहीत असतं. चौकशीला घरी आलेल्या हवालदाराने चहा घेता घेता विचारलं, "मराठे हो? पानीपत वाले?"

"पहाडगंज वाले," श्रीपाद म्हणाला.

हवालदाराचं समाधान झालं नाही. पानिपतात हरल्याचं श्रीपादला अजून वाईट वाटत असेल, अशा समजुतीने त्याने जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. परवाना मात्र मिळाला.

पिस्तूल सरकारी कारखान्याचं, बत्तीस बोअरचं, कमरेला लावून हिंडता यावं असं छोटं. दुकानदाराने तेलकट कागदातून काढून गालिच्यावर ठेवलं तेव्हा श्रीपादला पहिल्यांदा वाटलं, एवढंसं? सिनेमात ते केवढं दिसतं. मग हातात घेतलं, आणि एवढ्याशा वस्तूत एवढं वजन कसं मावलं असेल, असं वाटलं. दसऱ्याला अजून महिना होता, बाहेर ऊन, पण लोखंड गार होतं. घरी आणून त्याने दार लावलं आणि सवयीप्रमाणे बोट फिरवलं. कडा साफ, काळा रंग सारखा, जोड घट्ट. फक्त मुठीच्या खाली कानशीचा एक बारीक ओरखडा सापडला. दुसरं काही असतं तर लाल पेटीत गेलं असतं. हे त्याने पास केलं. नोकरीत आल्यापासून दोष दिसूनही सोडलेली ही त्याची पहिली वस्तू.

बाळगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. पट्ट्याला चामड्याचं म्यान लावलं तर ढेरी आडवी येई. मागे लावलं तर स्कूटरवर टोचे. शेवटी उजव्या कुशीवर जागा सापडली, पण त्यासाठी सगळे शर्ट बाहेर सोडावे लागले आणि खुर्चीत डाव्या अंगावर कलून बसावं लागलं. "मूळव्याध झाली का हो?" असं ऑफिसात एकाने काळजीने विचारलं. श्रीपादने हो म्हणून टाकलं. दिवसातून पन्नासदा हात तिथे जायचा, आहे ना बघायला. वाण्याशी बोलताना आवाज जरा चढायला लागला. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस मधून चालायला लागला. आपण हास्यास्पद दिसतो हे त्याला कळत होतं, पण बरंही वाटत होतं. कितीतरी दिवसांनी त्याला सलग झोप लागली.

आणि एका सकाळी बाथरूमचं दार लागलं. श्रीपाद बूट घालत होता. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. कल्पना बाहेर उभी होती. ती वळली, त्याच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. अश्लेषाने नंतर सहज सांगितलं, "बाबांकडे पिस्तौल आहे ना आता." त्या दिवशी ऑफिसला जाताना श्रीपादने कुशीवर हात ठेवला आणि त्या लोखंडाचे अगदी मनापासून आभार मानले.

शेजारी हुकमसिंग यादव राहायचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पिस्तूल कसं धरायचं, कसं भरायचं, हे त्यांनी शिकवलं. चाप ओढण्याआधी वरचा सरकता भाग मागे खेचून सोडायचा, मग गोळी नळीत जाते. तोवर नळी रिकामीच ठेवायची. "और एक बात, नेवरेकर जी. घर में कहीं भी रखो तो मैगझीन बाहर, और ऊपर का हिस्सा पीछे खींच के खुला रखो. हर आदमी को दिखे कि खाली है." श्रीपाद सावध माणूस, त्याने हे पाठच केलं. खोलून साफ करायलाही ते शिकवणार होते, पण सुटे भाग मेजावर पसरलेले बघून श्रीपादने हात मागे घेतला. पुन्हा जुळलं नाही तर? तो बाहेरूनच रोज पुसायला लागला.

मग खंडेनवमी आली. नेवरेकरांच्या घरी त्या दिवशी पाटावर मांडायला शस्त्र कुठलं? दरवर्षी तिथे कल्पनाची विळी, शिवणयंत्राची कात्री, श्रीपादचं मापाचं व्हर्नियर आणि स्कूटरचा पाना, असं आरमार असायचं. त्या वर्षी मध्यभागी पिस्तूल आलं. श्रीपादने नियमाप्रमाणे गोळ्यांचं मॅगझिन काढून शेजारी ठेवलं, वरचा भाग मागे खेचून अडकवला, आणि सगळ्यांना दाखवलं की आत काही नाही. कल्पनाने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. अक्षता चिमूटभर वाहायच्या असतात. तिने कुंकवात भिजवलेल्या लाल अक्षता मूठभर घेतल्या, डोळे मिटले आणि एखाद्या देवाला वाहाव्यात तशा त्या उघड्या पिस्तुलावर वाहिल्या.

"अगं, हे काय?" श्रीपाद जवळजवळ किंचाळला. "विळी आहे का ती? आत जातील ना."

"जाऊ देत," कल्पना डोळे न उघडता म्हणाली. "माझी मुलगी दार लावून आंघोळ करते. मला वाहू दे."

अश्लेषाने विचारलं, "अक्षता म्हणजे राइसच ना? मग रेड का?" कल्पनाने कुंकवाचं बोट तिच्याही कपाळाला लावलं. संध्याकाळी श्रीपादने पिस्तूल उलटं धरून झटकलं. दाणे पडले, ते त्याने वेचले. बोट फिरवलं, फुंकर मारली, वरचा भाग सोडून बंद केला, मॅगझिन घातलं. मालावरून कणभर कचरा पकडणाऱ्या माणसाने त्या दिवशी तेवढीच तपासणी केली आणि पिस्तूल पुन्हा कमरेला गेलं.

जानेवारीत सेक्टरच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या जोडप्याला चोरांनी काठ्यांनी मारलं. म्हातारे वाचले, पण सगळ्यांचे चेहरे उतरले. कल्पना पुन्हा खिडक्यांच्या कड्या दोनदोनदा बघायला लागली. बाथरूमचं दार पुन्हा अर्धवट उघडं राहायला लागलं. श्रीपाद मुलीला म्हणाला, "मी आहे ना." आणि हे म्हणताना, आयुष्यात पहिल्यांदाच, तसा अर्थ त्याच्या मनात होता. या वेळी कोणी भिंत उतरला तर आपण फळीखाली बसणार नाही, हे त्याने ठरवलंच होतं.

त्याच सुमाराला कल्पनाचा भाऊ साताऱ्याहून येणार होता. विश्वनाथ. कल्पना सहा वर्षांची असताना आई गेली, त्यानंतर हिची वेणी घालण्यापासून हिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं या भावानेच केलं. संक्रांतीला पानिपतच्या लढाईचा दिवस असतो. त्या दिवशी तिथल्या काला अंबच्या स्मारकाला डोकं टेकायला साताऱ्याहून बस निघाली होती, तिच्यात तो होता. पानिपतहून फोन करून त्याने सांगितलं होतं, उद्या दुपारी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की अंगणातला कढीपत्ता दिसत नव्हता. वीज नव्हती. शेजारचं जनरेटर ढणाणा करत होतं. कल्पना आणि अश्लेषा अजून अंथरुणात होत्या. श्रीपाद गॅसचं सिलिंडर बदलायला मागच्या दारी आला, तेव्हा भिंतीवरून कोणीतरी धपकन आत उतरलं.

तोंडाला गुंडाळलेलं फडकं, डोक्यात माकडटोपी, हातात लांब काठी. "कौन है?" श्रीपाद ओरडला. जनरेटरच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. माणूस एक पाऊल पुढे आला आणि त्याने काठीचा हात वर केला. श्रीपादच्या डोळ्यांसमोर बाथरूमची बाहेरून घातलेली कडी आली. त्याने पिस्तूल काढलं, वरचा भाग खेचून सोडला, माणसाच्या छातीवर धरलं आणि चाप ओढला.

काही झालं नाही. चाप मऊ, मेल्यासारखा. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा काही नाही.

"श्रीपादराव, पाहुण्याला बघून टॉर्चसुद्धा लागत नाही होय तुमचा?" फडकं खाली ओढत माणूस म्हणाला. "बस रात्रीच जयपूरला निघाली, हायवेवर उतरलो. फाटकाला कुलूप, बेल वाजेना. म्हटलं कशाला उठवायचं सगळ्यांना, मागून येऊन चूल पेटलीय का बघावं."

विश्वनाथच होता. हातातली काठी म्हणजे गुंडाळलेल्या भगव्या झेंड्याचा बांबू. श्रीपादने पिस्तूल शर्टाखाली ढकललं. विश्वनाथने खिशातून कागदाची पुडी काढली, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तळव्यावर तिळाचा लाडू ठेवला. "काल संक्रांत झाली, पण चालतंय. घ्या. केवढे गार पडलेत हात तुमचे."

त्याच हाताच्या बोटाने चाप ओढला होता. श्रीपादने लाडू तोंडात टाकला, कारण नाहीतर रडू आलं असतं, आणि पाहुण्याला आत नेलं. आतून कल्पनाचा आवाज आला, "दादा, अरे तू?" मग हसणं, मग स्टोव्हची भरभर. श्रीपाद "आलोच" म्हणून हुकमसिंगांकडे गेला.

झालं ते सगळं त्याने त्यांना सांगितलं. पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे धरून हुकमसिंगांनी मॅगझिन काढलं आणि वरचा भाग जोर लावून मागे ओढला. गोळी बाहेर पडली. ती नळीत पूर्ण गेलीच नव्हती, त्यामुळे वरचा भाग केसभर उघडा राहिला होता आणि चापाचा जोड सुटला होता. त्यांनी नळीत पातळ काडी घातली आणि आतलं तळहातावर पाडलं. चेपलेला, तेलाने काळपट पडलेला तांदळाचा दाणा. एका टोकाला अजून लाल.

"ये क्या है?" हुकमसिंगांनी विचारलं.

"अक्षता," श्रीपाद म्हणाला. त्याला हिंदी शब्द सुचेना. "पूजा का चावल. मेरी बीवी ने डाला था." आणि तो सुभेदारांच्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. हुकमसिंगांनी तो दाणा कागदात गुंडाळून त्याच्या खिशात घातला आणि ते दुसरीकडे तोंड करून हुक्का ओढत बसले.

कल्पनाला सांगायचं की नाही, हे ठरवायला त्याला दुपार लागली. विश्वनाथ भाचीला पानिपतची लढाई सांगत होता, आणि ती मध्येच "मामा, रसद म्हणजे फूड सप्लाय ना?" असं विचारत होती. कल्पना स्वयंपाकघरात गुळाच्या पोळ्या लाटत होती. श्रीपादने दार ओढून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. कागद उघडून दाणा तिच्यासमोर धरला.

तवा धुरायला लागला. तिने गॅस बंद केला.

"दोनदा ओढलात?" तिने विचारलं.

"दोनदा."

बाहेरून विश्वनाथचा हसण्याचा आवाज येत होता. श्रीपादला वाटलं, आता ही बोलेल, आणि जे बोलेल ते आपल्याला जन्मभर पुरेल. पण तिने पिठाचा हात त्याच्या गालाला लावला. "माझ्यासाठीच ओढलात ना," ती म्हणाली. मग बोटं काढून घेतली. "पण आता ते घरात नको."

"मलाही नको," श्रीपाद म्हणाला. "कल्पना, त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो होतो. मूठभर का वाहिल्या म्हणून." पुढचं आभाराचं वाक्य मराठी नवरे बायकोला सहसा म्हणत नाहीत, त्यालाही ते म्हणता आलं नाही. पण ती समजली. दाणा तिने देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या पायाशी ठेवला.

पिस्तूल दुकानात परत गेलं. दुकानदाराने उलटसुलट करून बघितलं. एवढं नवं कोरं, मग विकता कशाला, चाललं नाही का, असं त्याने विचारलं.

"नहीं चला," श्रीपाद म्हणाला. "बड़ी मेहरबानी हुई."

दुकानदाराने या माणसाचं डोकं ठिकाणावर नसावं असं ठरवून कागद पुढे केले. त्या पैशांतून श्रीपादने मागची भिंत उंच करून घेतली आणि फाटकाला विजेवाचून वाजणारी पितळी घंटा लावली. बाथरूमच्या दाराला आतून दुसरी कडी बसवली आणि ती कशी लावायची ते अश्लेषाला दाखवलं. सेक्टरमधल्या लोकांना जमवून आळीपाळीने पहारा सुरू केला. पहिली पाळी स्वतः घेतली, हुकमसिंगांबरोबर, हातात काठी घेऊन. भीती वाटतच होती. पण तो रस्त्याच्या मधून चालला. कढीपत्त्याला फुटवे येईतो अश्लेषा दार लावायला लागली. कशाच्या जोरावर, ते या वेळी तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर पुन्हा विळी, कात्री, व्हर्नियर आणि पाना असं जुनंच आरमार बसलं. कल्पनाने चिमूटभर अक्षता घेतल्या. "मूठभर घे," श्रीपाद म्हणाला.

दिवाळीत भाऊबीजेला विश्वनाथ मुद्दाम साताऱ्याहून आला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पितळी घंटा त्याने दणादणा वाजवली आणि येता येता म्हणाला, "भिंत वाढवलीत होय श्रीपादराव? आता मला म्हाताऱ्याला चढवायची नाही." मग पाटावर बसला, टोपी नीट केली. कल्पनाने त्याला टिळा लावला, ओवाळलं, आणि कुंकवाच्या लाल अक्षता त्याच्या डोक्यावर टाकल्या. तिचा हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला. सगळे दाणे घरंगळले, एक तेवढा त्याच्या पांढऱ्या भुवईत अडकला.

विश्वनाथ तो झटकायला हात वर नेत होता. श्रीपादने तो हात धरला.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "असू द्या तिथेच."